प्राचार्यांच्या पुस्तकावरची एकच सही

आमच्या गावात नदीच्या दोन काठांवर दोन छोटी कला महाविद्यालयं आहेत. विषय तेच, गळकी छपरंही तशीच. इकडचा प्राचार्य मी. प्रवेशाच्या मुलाखतीत प्रत्येकाला विचारायचो, "आमचंच कॉलेज का?" आणि कौतुकाची वाट बघत बसायचो.

शेवटच्या जागेसाठी आलेली सारिका घुले म्हणाली, "सर, तिकडे प्राचार्यांचं पुस्तक सगळ्यांना वाचावंच लागतं. तुमचं मी इथल्या ग्रंथालयात पाहिलं. बारा वर्षांत नेणाऱ्याची एकच सही आहे. म्हणजे इथे जबरदस्ती नाही."

शेजारचे प्राध्यापक खोकू लागले. मी सावरून म्हणालो, "एकाने तरी आवडीने नेलं ना?"

"हो सर. नोटीस बोर्डावर तुमची असते, तशीच सही आहे."

मग तिच्या अर्जावरही मी तशीच सही केली.