चावणारा जोड

इनामदारांचा पाय सोलवटला होता आणि तायव्वाचा जीव टांगणीला लागला होता. तिनं शिवलेल्या कोल्हापुरी चपला घालून ते पाहुण्यांसमोर लंगडले, पाहुणे हसले, आणि तासाभरात तिला सदरेवर बोलावणं आलं.

“मुद्दाम चावणारा जोड दिलास,” इनामदार लंगडतच येरझाऱ्या घालत होते. “उद्यापासून या गावात तुझी आरी चालणार नाही.”

तायव्वानं चपला उलटसुलट करून पाहिल्या. कातडं मऊ पडलं होतं, टाच एका बाजूनं झिजली होती. “सरकार, याआधी कुणी घातल्या होत्या?”

“नवी चप्पल चावते, एवढं मला कळतं. म्हणून पंधरा दिवस दादूला घालायला लावल्या.”

दारातला गडी दादू चुळबुळला. तायव्वानं चपला त्याच्यापुढे ठेवल्या. त्या घालून तो सदरभर फिरला, कुठंही लंगडला नाही.

“पंधरा दिवस यानं चावून घेतलं, म्हणून जोड याच्या पायाचा झाला,” तायव्वा म्हणाली. “तुमचा पाय या जोडानं आजच पाहिला. नवा शिवून देते सरकार, फक्त चावून घ्यायला पाय तुमचाच लागेल.”

नवा जोड आला आणि पुढचे पंधरा दिवस गावानं पाहिलं. इनामदार लंगडत पुढे चालायचे, आणि मागून दादूच्या चपला ऐटीत करकरायच्या.