थैल्या थांबल्या तेव्हा

"चूक कोणाची, एवढं तरी सांगाल की नाही, बाई?"

हेरवाडकरबाई मायक्रोस्कोपचं भिंग मऊ कागदाने पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कसली चूक?"

"तिसऱ्यांदा तेच झालं. थैल्या थांबल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

बाईंनी भिंग उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा पुसायला घेतलं.

विचारणारी होती नंदिता मगदूम. जयसिंगपूरची. विद्यापीठात पहिली आलेली, आणि ते विसरू न देणारी. कोल्हापूरबाहेर माळावर एक छोटी संशोधनसंस्था होती, तिच्या पहिल्या मजल्यावर बाईंची प्रयोगशाळा. नंदिता तिथे चार वर्षं पीएच.डी. करत होती. बाई अडुसष्ट वर्षांच्या. पेशीच्या आत माल कसा पोचतो, या एकाच प्रश्नावर त्यांचं आयुष्य गेलं होतं.

पेशीच्या आत बारीक नलिकांचं जाळं असतं. पेशी जे बनवते त्यातलं पुष्कळसं पातळ पटलाच्या थैल्यांत भरलं जातं, आणि त्या थैल्या नलिकांवरून ठरल्या जागी नेल्या जातात. नेणारी प्रथिनं दोन तऱ्हेची. एक थैलीला पेशीच्या काठाकडे ओढतं, दुसरं मध्याकडे. त्यामुळे थैली कधी सरळ जात नाही. चार पावलं पुढे, दोन मागे, थोडी थांबते, पुन्हा पुढे. पाहणाऱ्याचाच जीव खालीवर होतो.

नंदिताचं म्हणणं सोपं होतं. मागे ओढणारं प्रथिन बंद करा, थैली काठापर्यंत धावत सुटेल. बंगळुरूच्या परिषदेत तिने हे ठासून सांगितलं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या. करून दाखवायचं तेवढं राहिलं होतं.

आणि तिने मागचं प्रथिन बंद केलं, तर थैल्या पुढेही जाईनात. जिथल्या तिथे उभ्या.

"पेशी मेल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"नलिका तुटल्या?"

"नाही. अगदी शाबूत."

"मग?"

"पेशी नीट वाढवलेल्या नव्हत्या. दुसरं कारणच नाही."

नंदिताने एक कागद टेबलावर ठेवला. संचालकांच्या नावे अर्ज होता. पेशी वाढवण्याच्या खोलीचं काम बघणारे शिवाप्पा कोरे निष्काळजी आहेत, त्यांच्यामुळे संशोधनाचं नुकसान होत आहे, त्यांना त्या कामावरून काढावं. खाली नंदिताची सही होती. मार्गदर्शकाच्या सहीची जागा मोकळी होती.

शिवाप्पा त्या खोलीत बावीस वर्षं होते.

बाईंनी अर्ज पूर्ण वाचला. मग चष्मा काढून बाजूला ठेवला.

"पेशींनी तुला तीनदा उत्तर दिलं, नंदिता."

"चुकीचं उत्तर दिलं."

बाईंनी अर्जाची घडी घालून तो तिच्याकडे सरकवला.

खिडकीबाहेर माळावर कुणीतरी शेळ्या वळत होतं. हाकारे वरपर्यंत ऐकू येत होते.

"असं कर," बाई म्हणाल्या. "चौथ्यांदा कर. यावेळी पेशी तू वाढव. पहिल्यापासून. शिवाप्पा कशाला हात लावणार नाहीत."

"आणि थैल्या धावल्या तर?"

"मी सही करीन."

"नाही धावल्या तर?"

"तेव्हा बघू."

नंदिता त्याच दुपारी कामाला लागली. गोठवलेल्या पेशींची कुपी काढली, कोमट पाण्यात धरली, पेशी काचेच्या बशीत सोडल्या. हे काम तिने पहिल्या वर्षी एकदा शिकून घेतलं होतं. त्यानंतर बशा तयारच मिळत गेल्या.

शिवाप्पा दाराशी स्टूल टाकून बसले. बाईंनी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. ते आत आले नाहीत, गेलेही नाहीत.

चौथ्या दिवशी बशीतलं पाणी गढूळ झालं. बुरशी. नंदिताने सगळ्या बशा टाकल्या. पुन्हा नवी कुपी काढली.

सहाव्या दिवशी ती हात धुऊन, हातमोजे घालून कामाला बसली, तेव्हा दारातून आवाज आला.

"मॅडम, हात लावायला बंदी हाय. बोलायला न्हाई ना?"

"बोला."

"मोजे घातल्यावर तुम्ही चष्मा सारखा वर करताय. दर खेपेला."

नंदिताचा हात चष्म्यावरच होता. तिने तो खाली घेतला. मोजे बदलले. चष्मा दोरीने मागे बांधला.

त्यानंतर बशा स्वच्छ राहिल्या. पेशी पसरल्या, एकमेकींना टेकल्या. शिवाप्पा दारातूनच डोकावून म्हणाले, "आता बऱ्या दिसत्यात." नंदिताने मान हलवली. पण मनात अर्ज तसाच होता.

दोन आठवड्यांनी तिने मागचं प्रथिन बंद करणारं औषध घातलं. मायक्रोस्कोपखाली बशी ठेवली. थैल्या हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकत होत्या. धावत होत्या, पुढे, मागे, पुढे...

मग एकेक करून थांबल्या.

तिने दुसरी बशी लावली. तिसरी. सगळीकडे तेच. आपल्या हाताने वाढवलेल्या पेशी, आपल्या हाताने घातलेलं औषध. समोर शेकडो हिरवे ठिपके निश्चल.

आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

तिने मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. मग उठली, अर्ज घेतला आणि बाईंच्या खोलीत गेली.

"नाही धावल्या," ती म्हणाली.

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

बाई उठल्या. भिंतीतल्या कपाटाचं दार कुरकुरत उघडलं. खालच्या कप्प्यातून त्यांनी एक जाड वही काढली. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, १९९१. त्यांनी पान शोधलं आणि वही नंदितापुढे सरकवली.

बाईंचंच अक्षर होतं, पण तरुण, घाईघाईचं. मागचे प्रथिन बंद केले. थैल्या दोन्हीकडे थांबल्या. औषध खराब असावे. बाटली टाकून दिली.

नंदिताने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुम्हाला हे तेव्हाच दिसलं होतं."

"दिसलं होतं. पाहिलं नाही."

"पुढे?"

"पुढे दुसरं काम घेतलं. मला वाटेल तेच उत्तर देणारं." बाईंनी वही मिटली. "मी बाटलीवर खापर फोडलं. बाटलीला घरदार नव्हतं, एवढंच बरं."

नंदिताची मान खाली गेली.

"बाई... एक सांगायचं राहिलंय. मज्जापेशींमध्ये असं होतं, असं मी वाचलं होतं. दुसऱ्या वर्षी. आपल्या पेशी वेगळ्या आहेत म्हणून मी ते बाजूला ठेवलं. बंगळुरूला एकाने विचारलंही होतं. मी हसले होते त्याला."

बाईंनी वही कपाटात परत ठेवली. अर्जाकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही मला त्याच दिवशी वही का नाही दाखवलीत?"

"त्या दिवशी दाखवली असती," बाई म्हणाल्या, "तर तू म्हणाली असतीस, नव्वद सालची औषधं वाईटच असायची."

नंदिताला हसू आलं नाही. पण ते खरं होतं, हे तिला कळलं.

ती खाली गेली. शिवाप्पा खोलीत बशा धुऊन ओळीने पालथ्या घालत होते. तिने अर्ज त्यांच्यापुढे धरला.

"हा मी लिहिला होता. तुम्ही वाचावा असं वाटतं. मग फाडते."

शिवाप्पांनी कागद घेतला नाही. हात पुसले.

"वाचलाय, मॅडम."

"कधी?"

"महिना होईल आता. हापिसात छापून घेतलात न्हवं? एक प्रत मशिनीतच ऱ्हायली हुती. माझ्याच हातात आली."

नंदिताने हातातला कागद खाली घेतला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही दारात बसलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"तरी मला चष्म्याचं सांगितलंत?"

शिवाप्पांना प्रश्न नीटसा समजला नसावा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कपाटातल्या बशांकडे.

"पेशी मरत हुत्या की," ते म्हणाले.

नंदिताने तिथल्या तिथे अर्ज फाडला. "माझं चुकलं, शिवाप्पाकाका," ती म्हणाली. चार वर्षांत तिने त्यांना काका म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता," आणि उरलेल्या बशा पुसायला एक फडकं तिच्या हातात दिलं. दोघांनी मिळून बशा पुसल्या. तिने विचारलं, पेशी आजारी आहे हे तुम्हाला आधी कसं कळतं. ते सांगू लागले, आणि ती ऐकत राहिली. दोनदा मध्ये बोलावंसं वाटलं, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या तेव्हा नंदिता मायक्रोस्कोपशी होती. औषध नव्हतं. साध्या, निरोगी पेशी. गणकयंत्राचा पडदा बंद होता. ती भिंगाला डोळा लावून एकाच थैलीमागे लागली होती आणि कागदावर तिची वाट रेघेने काढत होती. शेजारी अशा तीस-चाळीस वाटा काढलेले कागद पडले होते.

"काय बघतेयस?"

"ही बघा. पुढे गेली. इथे दोन नलिका एकमेकींना आडव्या येतात, तिथे अडली. मग मागे आली. आता या बाजूच्या नलिकेवर चढली. आणि..." ती भिंगावरून हलली नाही. "आणि गेली पुढे."

"हं."

"पण दर वेळी असं होत नाही. काही विनाकारण मागे येतात. काही आडव्या नलिकेवरून सरळ जातात. शिवाय मागचं प्रथिन बंद केल्यावर पुढे ओढणाऱ्याचं बळ का जातं, ते यातून कळतच नाही. ते तर शाबूत असतं ना? मग कशाची वाट बघतं ते? की दोघांनी एकमेकांना धरलेलं असतं..."

ती थांबली. डोळे चोळले. चेहरा ओढलेला होता, पण बाईंनी तो इतका जागा कधी पाहिला नव्हता.

"चार वर्षं मला सगळं कळत होतं, बाई. आज काहीच कळेनासं झालंय."

बाईंनी रेघांचा एक कागद उचलून पाहिला.

मग त्यांनी कोपऱ्यातलं विद्यार्थ्यांचं बुटकं स्टूल ओढलं, नंदिताच्या शेजारी मांडलं आणि गुडघ्यावर हात टेकत हळूच त्यावर बसल्या. पदराला डोळे पुसून त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, कोरा कागद पुढे घेतला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता मला शिकव."