हातलावणीची खिंड

आमच्या धनगरवाड्यावरून कोकणात उतरणारी पायवाट जिथे दोन डोंगरांच्या मधून निघते, तिथे छातीइतक्या उंचीचा एक दगडी ओटा आहे. दोन उभ्या शिळा आणि त्यांच्यावर एक आडवी. आडव्या शिळेच्या खालून बारा महिने पाणी ठिबकते. वीस पावलांवरच्या झऱ्याचे पाणी गोड आहे, या शिळेचे मात्र खारट. गुरे ती चाटायला येतात. तुम्हीही बोट लावून बघा, पण आधी दोन्ही हात शिळेखाली घाला आणि कुणाचा तरी भारा उचलू लागल्यासारखे वर रेटा. इथून जाणारा प्रत्येक जण तसे करतो, रिकाम्या हाताने निघालेलासुद्धा. का करतो, ते सोनूबाबा झोरे सांगतात. वाड्यावरचे ते सगळ्यांत म्हातारे. त्यांच्याकडून ऐकले तसेच मी सांगतो, माझ्या पदरचे काही घालत नाही.

पूर्वी इथे हा ओटा नव्हता. कोकणातल्या बायका डोक्यावर मीठ घेऊन घाट चढायच्या आणि मिठाच्या बदल्यात आमच्याकडून नाचणी घेऊन उतरायच्या. डोक्यावरचे जड ओझे एकटीला खाली टाकता येते, पण परत डोक्यावर घेता येत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो. म्हणून त्या जोडीनेच यायच्या.

एका श्रावणात गोजरी नावाची बाई एकटीच आली. सोबतीण तापाने पडली होती आणि घरी पोरांच्या तोंडात घालायला दाणा नव्हता. खिंडीत तिला चक्कर आली म्हणून तिने ओझे उतरवले. धुके असे होते की स्वतःची पावले दिसत नव्हती. जमीन ओली, मीठ खाली ठेवले तर विरघळणार. तिने पोते मांडीवर घेतले, वर पदर पांघरला आणि कुणाची चाहूल लागते का ते ऐकत बसली.

आमच्या लोकांचा तेव्हा एक नियम होता. धुक्यातून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारते, तिसरी हाक माणसाची, असे मानत.

दुपारी धाकलू झोरे लोण्याचे मडके घेऊन खाली निघाला होता. सोनूबाबांच्याच घराण्यातला हा. त्याच्या कानावर आले, "कोण हाय? जरा हात लावा." तो थबकला. पुन्हा आवाज आला, "हात लावा जरा." धाकलू तिसऱ्या हाकेसाठी उभा राहिला. पुष्कळ वेळ उभा राहिला. हाक आली नाही. नुसता कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, म्हणे. शेवटी तो मडके पोटाशी धरून घरी पळाला.

तिसऱ्या दिवशी धुके उठले तेव्हा लोकांना गोजरी दिसली. वाटेच्या कडेला तशीच बसलेली. मांडीवर रिकामे पोते, लुगड्यावर मिठाचा पांढरा थर, आणि दोन्ही हात पुढे केलेले.

त्याच आठवड्यात धाकलूच्या डोक्यावर वजन आले. दिसायला काही नाही, पण मान रोज थोडी अधिक वाके. लोक आधी हसले. "काय रं धाकलू, बायकू डोक्यावर बसली व्हय?" पण पुढे त्याची हनुवटी छातीला टेकली, घास गिळता येईना. रोज सकाळी त्याचे अंथरूण ओले असायचे, आणि ते पाणी खारट. दसऱ्यापर्यंत मान मोडेल, असे वैदू सांगून गेला.

त्याची बायको येसू त्याच्यासमोर बसली. "अवं, खरं सांगा. खिंडीत काय झालं?"

त्याने पहिल्यांदाच सगळे सांगितले. "तिसरी हाक आलीच न्हाई. मी वाट बघितली की."

"तोंडातनं एक शबुद तरी काढला?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी येसू धुक्यात शिरली. खिंडीत पोचताच हाक आली, "कोण हाय? जरा हात लावा."

"आले गं बाई," येसू पहिल्याच हाकेला म्हणाली आणि आवाजाच्या रोखाने हात पुढे करून चालत गेली. हाताला ओले, गार पोते लागले. तिने ते सगळा जोर लावून उचलले. डोक्याइतके वर गेल्यावर समोरून कुणीतरी ते घेतले. मग अगदी कानापाशी आवाज आला, असे सांगतात.

"दोन हाका मारल्या. पावलं थांबली. म्हटलं, येतंय कुणीतरी. मग कशाला वरडू?"

"चुकलं आमचं," एवढेच येसू म्हणाली. अनवाणी पावले तिच्या शेजारून वर चढत गेली. माणूस दिसले नाही.

ती घरी आली तेव्हा धाकलू मान ताठ करून उंबऱ्यात बसला होता. पुढच्याच बाजाराला तो नाचणीचे पोते घेऊन गोजरीच्या पोरांकडे गेला, आणि ती मोठी होईपर्यंत दर वर्षी जात राहिला. खिंडीतला ओटा त्यानेच उभारला, एकट्या माणसाला ओझे टेकवून परत डोक्यावर घेता यावे म्हणून. येसूच्या हातांना त्या पोत्याचा लागलेला खारेपणा मात्र गेला नाही. तिने थापलेल्या भाकरीत कधी मीठ घालावे लागले नाही, म्हणे.

आजही आमच्या वाड्यावर पहिल्याच हाकेला ओ देतात, मग ती कुणाचीही असो. वाटेत कुणी नुसता थबकला तर म्हातारी माणसे ओरडतात, "उभा काय ऱ्हायलास, आवाज दे!"

वाड्यापर्यंत अजून गाडी येत नाही. गेल्या पावसाळ्यात मी गॅसची भरलेली टाकी डोक्यावरून आणत होतो. धुके होते. ओट्यावर टाकी टेकवली, रिवाजाप्रमाणे ओल्या शिळेखाली हात रेटले, दम खाल्ला आणि पुन्हा उचलायला गेलो तर पाय सरकला. टाकी पडली नाही. पलीकडच्या बाजूने तिला हात लागला आणि ती सावकाश माझ्या डोक्यावर आली. मी वळून पाहिले नाही. घरी आईने टाकी उतरवून घेतली आणि पुसायला फडके आणले, पण पुसली नाही. टाकीवर मिठाचे चार पांढरे पंजे उमटले होते. दोन माझे होते.