शिंग आणि घोंगडी

शिंग एकदा फुंकलं की थांबायचं नाही आणि का ते विचारायचं नाही, असा एका देहातल्या पहारेकरी पेशींचा फार जुना नियम होता. त्या शिंगाचं, म्हणजे पेशी सोडतात त्या रासायनिक इशाऱ्याचं, नाव इंटरफेरॉन. ते वाजलं की सगळे पहारेकरी शत्रूवर तुटून पडत.

एकदा टाचेवरचा काळा तीळ बिथरला आणि गाठ होऊन पसरू लागला. शिंग वाजलं, पहारेकऱ्यांनी अर्धी गाठ फस्त केली. पुढे मात्र ती हटेना. डॉक्टरांच्या सुईवाटे बाहेरूनही शिंगं आली, कान किटले, तरी गाठ वाढतच राहिली. देह खंगत चालला.

शिंग फुंकणारी तरुण पेशी ठिणगी दम घ्यायला क्षणभर थांबली. तेवढ्यात गाठीतल्या पेशींच्या अंगावरची घोंगडी खाली घसरली. तिने पुन्हा फुंकताच त्यांनी ती घाईघाईने पांघरली. घोंगडी हुबेहूब पहारेकरी पांघरत तशीच होती.

ती म्हणाली, "नाना, आपलं शिंग ऐकूनच ते वेष घेतात. मग आपल्याला ते आपलेच वाटतात."

"आमच्या वेळी याच शिंगाने शत्रू पळायचे," म्हातारे पहारेकरी नाना गुरकावले. "कालची पोर तू. फुंक मुकाट्याने."

"तुमच्या वेळी त्यांच्याकडे घोंगडी नव्हती. आता आपणच त्यांना सावध करतोय."

"नियम आहे तो."

"असेल. मी नाही फुंकणार."

ठिणगीने शिंग खाली ठेवलं. नाना तोंड उघडणार, तोच समोरची घोंगडी एकेक करून गळू लागली, आणि आत लपलेला शत्रू ओळखून नाना स्वतःच त्याच्यावर तुटून पडले.