आचाऱ्याची जीभ

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गाव लहान, पण गावच्या देवीचं देऊळ मोठं. रोज देवीला नैवेद्य व्हायचा आणि मग देवळाच्या ओवरीत येईल त्याला पोटभर जेवण मिळायचं. देवळाचा एक जुना नियम होता. नैवेद्य दाखवण्याआधी कुणी चव घ्यायची नाही. स्वैपाक करणाऱ्यानेसुद्धा नाही. मीठ टाकायचं ते हाताच्या अंदाजाने, पुढे देवी जाणे!

दाजीबुवा तिथले आचारी. त्यांचा जन्म त्या चुलीपुढे गेला. आता हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी आपल्या जागी दुसरं माणूस नेमायचं ठरवलं.

दोघं आली. एक विश्राम, लग्नकार्यांत नाव कमावलेला आचारी. त्याची बासुंदी खायला लोक आमंत्रण नसतानाही लग्नाला जात. दुसरी सगुणा. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी राहत होती. भाऊ सरळ होता, पण वहिनी ताट वाढताना सोबत टोमणाही वाढायची. देवळाच्या आचाऱ्याला राहायला खोली मिळे. सगुणाचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता.

दाजीबुवा म्हणाले, "आज विश्राम रांधेल, उद्या सगुणा. आणि पंगत उठेपर्यंत जायचं नाही."

विश्रामने स्वैपाक केला. काय तो थाट! वांग्याची भाजी अशी जमली, की लोक बोटं चाटत बसले. पण कढीत मीठ घालायचंच राहून गेलं होतं. माणसं मुकाट्याने पानातलं मीठ कढीत कालवू लागली.

दाजीबुवा म्हणाले, "विश्राम, कढी अळणी झालीय रे."

झालं! विश्रामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अळणी? बुवा, मी मोठमोठ्या पंगती जेवू घातल्यात. माझ्या कढीला आजवर कुणी नाव ठेवलं नाही. तुमच्या देवळातलं मीठच मिळमिळीत!"

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! नैवेद्य कधीच झाला होता, कढीचं पातेलं त्याच्या पुढ्यात होतं. पण त्याने थेंबभरही चाखून पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सगुणा चुलीपुढे बसली. स्वैपाक साधाच, घरी करतात तसा. पण ती घाबरली होती. भोपळ्याच्या भाजीत मीठ घातलं की नाही, तेच तिला आठवेना. तिने ते पुन्हा घातलं.

नैवेद्य झाला, पंगत बसली. दाजीबुवांनी दोन घास घेतले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, भाजी खारट आहे. आणि खिरीत वेलदोडा घालायला विसरलीस."

सगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेली आपली खोली, असंच तिला वाटलं. भोपळाच तसला होता म्हणून सांगावं, असंही मनात येऊन गेलं. पण आधी तिने भाजी हातावर घेऊन खाल्ली. मग खीर चाखली.

"बुवा, भाजी खारटच आहे," ती म्हणाली. "घाबरले आणि मीठ दोनदा पडलं. चूक माझी. पण खिरीत वेलदोडा आहे. भरड कुटला म्हणून तळाशी बसला, तुमच्या वाटीत आला नसेल. उद्यापासून बारीक कुटेन." मग ओशाळून म्हणाली, "म्हणजे, उद्या मला ठेवलंत तर."

पंगतीत हशा पिकला. तीही डोळे पुसत हसली आणि खारट भाजीवर उतारा म्हणून सगळ्यांना दही वाढत फिरली.

जागा सगुणाला मिळाली. विश्राम उसळलाच. "बुवा, देवीच्या दारात उभे आहात. खरं सांगा, स्वैपाक कुणाचा सरस होता?"

"तुझाच," दाजीबुवा शांतपणे म्हणाले. "तिच्या हाताला तुझी चव यायला बराच काळ जाईल."

"मग?"

"अरे बाबा, या चुलीपुढे आचाऱ्याला स्वतःची जीभ वापरता येत नाही. पंगतीची जीभ हीच त्याची जीभ. ती जीभ अळणी म्हणाली, तर तू तिच्यावरच खेकसलास. मग उद्याच्या कढीत मीठ किती घालायचं, ते तुला सांगणार कोण?"

विश्राम खाली मान घालून देवळाची पायरी उतरला.

तात्पर्य: आपल्या कामात कुणी उणं काढलं, तर तोंड चालवण्याआधी चाखून बघावं. खरं निघालं तर मानावं, नाही निघालं तर शांतपणे सांगावं. जो सांगणाऱ्यावरच चिडतो, त्याची कढी अळणीच राहते.