दोन मडक्यांतले चिंचोके

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपल्या लाडक्या शिष्याची दोन मडकी अंगणात उपडी केली आणि त्यांतले चिंचोके हाताने एकमेकांत कालवून टाकले. शिष्य पाहतच राहिला. त्या मडक्यांत त्याची सारी गुरुभक्ती साठवलेली होती.

झाले होते असे. वैद्यबुवा अंगात बारीक सुया टोचून लोकांची दुखणी हलकी करीत. विश्वंभराचा, म्हणजे त्या शिष्याचा, गुरूंवर फार जीव. गावातली काही शहाणी माणसे म्हणू लागली की सुयांनी कुठे कंबर बरी होते, हा सगळा मनाचा खेळ. विश्वंभर पेटून उठला. वैद्यबुवा मात्र शांतपणे म्हणाले, "त्यांचं म्हणणं तपासून पाहू या."

ठरले असे की, अर्ध्या रुग्णांना खरी सुई टोचायची आणि अर्ध्यांना बोथट सुई नुसती टेकवायची. आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णाला कळू द्यायचे नाही. मग विश्वंभराने प्रत्येकाची विचारपूस करायची आणि ज्याला बरे वाटले त्याचा एक चिंचोका मडक्यात टाकायचा. खऱ्या सुईचे मडके वेगळे, बोथट सुईचे वेगळे. सुया काढून देण्याचे कामही विश्वंभराकडेच होते.

पहिले मडके काठोकाठ भरले. दुसऱ्याचा तळसुद्धा झाकला गेला नाही. विश्वंभराला आकाश ठेंगणे झाले. गावातल्या शहाण्यांना बोलावून आणायला तो चपला घालत होता, तेवढ्यात गुरूंनी मडकी उपडी केली.

"गुरुजी, मी हे तुमच्यासाठीच केलं होतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे रे. म्हणूनच ओतलं." वैद्यबुवांनी त्याला ओट्यावर शेजारी बसवून घेतले. "काल तानूबाई आली होती. तिला खरी सुई होती. तू तिला काय विचारलंस?"

"मावशी, आता बरं वाटतंय ना, असं."

"आणि बोथट सुईवाल्या शिंप्याला?"

विश्वंभर घुटमळला. "अजून दुखतंच आहे का, असं."

"बघ म्हणजे झालं. तानूबाई तुला हो म्हणाली, तू चिंचोका टाकलास. मग ती पायऱ्या कशी उतरली, ते पाहिलंस? भिंतीला धरून, पायरीपायरीला थांबत. तू इतक्या मायेनं विचारतोस, तिच्यानं नाही कसं म्हणवेल? तिनं तुझं मन राखलं आणि दुखरी कंबर घेऊन घरी गेली. आता बऱ्या झालेल्या बाईवर मी पुढचा इलाज कसा करू? तू मला जिंकवायला निघालास, पोरा. मी हरलो तर माझं नाव जाईल, फार तर. पण माझा असा विजय झाला तर तिचं दुखणं कुणाला दिसायचंच नाही."

विश्वंभराला स्वतःची लाज वाटली, आणि गुरूंवर पूर्वीपेक्षा अधिक माया दाटून आली.

तपासणी पुन्हा सुरू झाली. या वेळी विचारपूस करायला शेजारच्या गावचे मास्तर बसले; कोणाला कोणती सुई मिळाली हे त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या गुरुभक्ताची रवानगी रुग्णांसाठी पेज शिजवायला झाली. शेवटी मास्तरांच्या नोंदींवरून चिंचोके टाकून पाहिले, तर खऱ्या सुईचे मडके थोडे जास्त भरलेले, पण दुसरेही अगदी रिकामे नव्हते. दोहोंत फरक होता तो बोटभर.

"बोटभर तर बोटभर," वैद्यबुवा समाधानाने म्हणाले. "लोकांना तेवढंच सांगायचं."

त्या दुपारी विश्वंभर तानूबाईच्या घरी गेला. ती तांदूळ निवडत बसली होती.

"मावशी, कंबर कशी आहे?" एवढेच त्याने विचारले.

बरी आहे म्हणायला तिने तोंड उघडले. तो वाट पाहत राहिला. तिने सूप खाली ठेवले.

"दुखतीय रे बाबा," ती म्हणाली. "लई दुखतीय. तुला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."

विश्वंभराला वाईट वाटलेच. पण त्याने तिला हात देऊन उठवले आणि तालुक्याला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचे म्हणून बाहेर आणले. दारात वैद्यबुवा बैलगाडी जुंपून उभे होते. तानूबाईसाठी त्यांनी गाडीत जाड गोधडी अंथरून ठेवली होती.