महाराजांच्या गाडीचा उपास

भोपळगडच्या महाराजांची बॅटरीवरची गाडी भर बागेत बंद पडली, आणि तीही महाराज आत बसलेले असताना!

गाडी छोटीशीच. चार दांड्यांवर छप्पर, दोन्ही बाजू उघड्या. गोल्फ खेळणारे मैदानात हिंडायला वापरतात ना, तसली. महाराजांना गोल्फ येत नव्हता, पण चालण्याचाही भारी कंटाळा! डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत त्यांचा मुक्काम गाडीतच. दरबाराला गाडी, जेवायला गाडी, देवघरातसुद्धा नमस्कार झाला की रिव्हर्स!

"कोंडाजी!" महाराज गाडी चालवणाऱ्यावर कडाडले. "आठवड्यात ही पाचवी खेप!"

"महाराज, बॅटरी चार्जच होत नाही. कुठंतरी दोष..."

"खबरदार! गाडी राणीसाहेबांच्या माहेरची. तिच्यात दोष काढलास तर त्या आठ दिवस माझ्याशी बोलायच्या नाहीत. चार्जर मी निवडलेला. वायर दिवाणजींनी टाकलेली, ते तर उठता-बसता रुसतात. तेव्हा दोष कशातही निघता कामा नये, आणि गाडी मात्र चालली पाहिजे! परवा सासरेबुवा येताहेत. तोवर चालली नाही, तर बॅटरीच्या जागी तू! जन्मभर ओढायची!"

आणि सराव म्हणून त्याला तिथंच जुंपलं.

कोंडाजी घरी आला तो खांद्यावर दोराचे वळ घेऊन. वय पंचावन्न, गुडघे त्याहून म्हातारे. त्याची लेक ठकू हिच्या काळजात चर्र झालं. मग मात्र तिला असा राग आला, की चुलीवरची भाकरी करपली.

"आबा, उद्या मी येते."

"तू येऊन काय करणार, ठके?"

"बघीन तरी! बघायला काय जुंपून घ्यावं लागतं?"

दुसऱ्या दिवशी गाडी बंदच होती, पण महाराज खाली उतरतील तर शपथ! कोंडाजी आणि तीन हुजरे ओढत होते, महाराज आत बसून हॉर्न वाजवत होते. दुपारी ते वामकुक्षीला गेले तेव्हा कुठे गाडी शेडमध्ये आली.

ठकूनं पदर खोचला. बॅटऱ्यांची झाकणं उघडून पाणी पाहिलं. भरपूर होतं. वायरच्या टोकांवर बुरशीसारखी पांढरी पूड साचली होती, ती कोंडाजीनं खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून काढली. मग चार्जरची पिन घट्ट बसवून तिनं खटका वर केला. लाल दिवा लागला आणि चार्जर घूं घूं करायला लागला.

"आबा, हा तर झकास चाललाय!"

"शूऽऽ!" चवड्यांवर चालत, गडावर शांतता राखणारे चिडीचूप अंमलदार आत आले. त्यांनी खटका खाली पाडला. दिवा गेला, घूं घूं बंद.

"अहो, हे काय करता?"

"महाराज पहुडले," अंमलदार कुजबुजले. "नवा हुकूम! महाराज झोपलेत तोवर गडावर कसलाही आवाज ऐकू येता कामा नये. कोंबड्यांच्या चोचींना फडकी बांधलीत मी."

"आणि रात्री?"

"रात्रीही हेच."

"आणि महाराज उठले की?"

"उठले की गाडीत!"

ठकूनं कपाळावर हात मारला. "म्हणजे बिचारी चार्ज व्हायची कधी? आबा, हे तुम्ही महाराजांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? दोष तुमच्या हुकमात आहे म्हणून? मला पुढं जुंपलंय, तुला मागनं ढकलायला लावतील!"

इतक्यात महालातून आवाज आला. घर्रर्र... फुस्स! शेडचे पत्रे थडथडले. खुंटीवरचा कंदील खाली पडला.

"अगंबाई! हे काय?"

"हे ऐकू येत नाही," अंमलदार गंभीरपणे म्हणाले. "हुकूम आहे ना!"

ठकूला हसू आवरेना.

महाराज उठले, दरबार भरला. ठकू पुढे झाली.

"काय पोरी, सापडला दोष?" महाराजांनी डोळे वटारले.

"छे छे! दोष कुणातच नाही. गाडी उपास करतेय, महाराज!"

"उपास?"

"आपण झोपलात की आवाज बंद, हा हुकूम. गाडी जेवायला बसली की चार्जर घूं घूं करतो, म्हणून ती तेव्हा जेवत नाही. आपण जागे असलात की ती आपल्या सेवेत, तेव्हाही जेवत नाही. इतकी हुकमाची पक्की गाडी कुठं मिळेल?"

"वा! शेवटी माझी गाडी!" महाराज फुगले आणि लगेच चपापले. "म्हणजे मी हुकूम मागं घेऊ? अजिबात नाही! मी झोपल्यावर आवाज ऐकू येता कामा नये म्हणजे नये!"

"नकाच घेऊ मागं. चार्जर चालू ठेवा. ऐकू येणारच नाही!"

"का म्हणून?"

"महाराज झोपेतही अशी गर्जना करतात, की शेडमधला कंदील खाली येतो. तिच्यापुढं त्या चार्जरची काय बिशाद!"

"मी... मी घोरतो?"

सगळा दरबार आपापल्या जोड्यांकडे बघायला लागला. कोंडाजीनं डोळे मिटून घेतले. त्याला तो दोर दिसत होता, आता लेकीच्याही खांद्यावर.

"बोललं बाई एकदाचं कुणीतरी!" पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या. "सोळा वर्षं कानांत कापूस घालून झोपतेय मी!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग पोट हललं. मग ते असे खदाखदा हसत सुटले, की दिवाणजी रुसायचे विसरले!

"अंमलदार! हुकूम तोच. फक्त मी घोरायला लागलो की खटका वर! आणि सासरेबुवा उद्याच यायचेत, तेव्हा राज्याच्या हितासाठी मी आत्ताच झोपतो!"

महाराज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मनापासून घोरले. सासरेबुवा येऊन गाडीत बसले, तेव्हा ती बागेतून अशी सुसाट सुटली, की त्यांचा फेटा मागंच राहिला. ठकूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. कोंडाजीला गाडीत बसवून घरी पोचवलं, आणि गाडी चालवली खुद्द महाराजांनी!

"आणखी काही मागायचंय, पोरी?" दारात गाडी थांबवत त्यांनी विचारलं.

"तो दोर द्या, महाराज," ठकू म्हणाली. "आबांच्या खांद्यावर आता नको तो. धोतरं वाळत घालायला कामाला येईल!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. त्यांनी दोर तर दिलाच, वर तो दोन टोकांना बांधायला चांगल्या सागाचे खांबही पाठवून दिले.